भोपळेसाहेबांचा उजवा हात

ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात भोपळेसाहेब कोण हे सांगावं लागत नाही. दुपारी साडेचारला शाळेतून आलेलं पोर दप्तर भिरकावून टीव्हीसमोर फतकल मारतं, आणि पडद्यावर केशरी रंगाचे, गालफडं सुटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेले एक गृहस्थ टेबलावर दोन्ही मुठी आपटून ओरडतात, "गप्प बसा सगळे! प्रश्न मी विचारणार आणि उत्तरही मीच देणार! सांगा, आज न्याहारी कोणी बुडवली?" समोर पालक, बीट आणि फरसबीच्या तीन शेंगा एकदम बोलायला लागतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि घरातली मोठी माणसंही हातातलं काम टाकून हसतात. कारण बातम्यांमधल्या चर्चा त्यांनीही ऐकलेल्या असतात.

साहेब रोज नव्या अवतारात येतात. कधी ते गुन्ह्याचा तपास करतात: चहात साखरेचा तिसरा चमचा कोणी टाकला? कधी गाण्याच्या स्पर्धेचे परीक्षक होऊन गाजराच्या गळ्यात खोट काढतात. कधी रडकी मालिका असते. सून डबा न घेता कामावर गेली म्हणून सासू पालकबाई तीनदा बेशुद्ध पडते आणि तिन्ही वेळा वीज कडाडते. एकूण पंधरा मिनिटांचा कारभार. पण भाग कसलाही असो, शेवटी सगळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवायचं, हा नियम. गेली तेवीस वर्षं तो मोडलेला नाही.

आता फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. साहेब आहेत कापडी बाहुला, पण त्यांचं शरीर दोन माणसांचं आहे. खेळवणारा आपला उजवा हात साहेबांच्या डोक्यात घालतो, कारण तोंड उघडमीट करायची ती त्याच हाताने. डावा हात साहेबांच्या डाव्या बाहीत जातो. मग उजवी बाही राहिली की रिकामी! तर तिच्यात दुसऱ्या माणसाचा हात. डोकं आणि आवाज मास्तरांचा. उजवा हात मास्तरांच्या बायकोचा. स्टुडिओत सगळे तिला "उजवी" म्हणतात. वयाने लहान असलेले "उजवीताई". तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, तिथेच राहू दे.

ती मुळात शिवणकाम करायची. बाहुल्यांचे कोट, टोप्या, बाह्या शिवून द्यायची आणि घरी जायची. एके दिवशी उजव्या हाताचा माणूस आला नाही, तेव्हा मास्तर म्हणाले, "अगं, आजच्या दिवस उभी राहा." ती उभी राहिली, आणि तो आजचा दिवस तेवीस वर्षं चालला. सुरुवातीचा माणूस कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. बहुधा सुटला बिचारा.

कारण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. लाकडी मंचाला खालून पोकळी असते. तिथे मास्तर हात वर करून उभे, आणि त्यांच्या पाठीला गाल चिकटवून ती. मास्तरांसमोर जमिनीवर छोटा टीव्ही ठेवलेला; साहेब कसे दिसताहेत ते त्यांना त्यात दिसतं. तिला दिसतो फक्त शर्ट. तेवीस वर्षांत तिने मास्तरांच्या शर्टांची वीण जितकी पाहिली, तितकी धोब्यानेही पाहिली नसेल. साहेबांनी चष्मा पुसायचा, पोट खाजवायचं, चमचा भरून नेमका तोंडात घालायचा, हे सगळं ती न बघता करायची. चमचा कधी नाकावर गेला नाही. आणि शेवटच्या पाट्यांमध्ये "भोपळेसाहेब" यापुढे मास्तरांचं नाव यायचं. तिचं साहाय्यकांच्या यादीत, सुताराच्या खाली. यावर ती कधी काही बोलली नाही. मला मात्र ते वाचलं की चीड येते.

मास्तरांना साखरेचा आजार जडून आठ वर्षं झाली होती. ज्या माणसाने अख्ख्या मुलखातल्या पोरांना गाजरं खायला लावली, तो घरी ताटातलं गाजर बाजूला सारून म्हणायचा, "दिवसभर भाज्यांबरोबरच असतो गं मी. घरी तरी नको." ती समजूत काढायची, रागवायची, रडायची, पुन्हा समजूत काढायची. गोष्ट अंगाशी आली की मास्तर पटकन भोपळेसाहेबांच्या आवाजात बोलायला लागायचे, "गप्प बसा! प्रश्न मी विचारणार!" आणि तिला हसू यायचं. मग विषय बारगळायचा. हा त्यांचा डाव होता, आणि तो तिला कळत नव्हता असं नाही. पण दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला संध्याकाळी भांडायचं तरी किती बळ असणार?

मंचाखाली सगळे पायमोज्यांवर काम करतात. चपलांचा आवाज माइक टिपतो म्हणून चपला बाहेर ओळीने काढलेल्या असतात. एके दिवशी चहाच्या सुट्टीत मास्तर बाकावर बसले आणि तिचं लक्ष त्यांच्या डाव्या मोज्याकडे गेलं. करंगळीपाशी गडद डाग होता. तिने मोजा ओढला. साहेबांचा कान शिवताना वापरलेली टाचणी करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये डोक्यापर्यंत घुसलेली होती.

"दुखलं नाही?" तिने विचारलं.

"कधी लागली कुणास ठाऊक," मास्तर म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

त्यांना काहीच जाणवलं नव्हतं, याचीच तिला जास्त भीती वाटली. सकाळपासून ते त्या टाचणीवर उभे होते आणि साहेब वर विनोद करत होते.

डॉक्टरने पाय उलटसुलट करून पाहिला. "जखम लहान आहे," तो म्हणाला, "पण साखर मोठी आहे. सहा आठवडे देतो. साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर ही दोन बोटं काढावी लागतील. आणि तेवढ्यावर थांबेल असा शब्द मी देत नाही."

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. तो पाय वाचवायचा. बस.

पहाटे पाचला उठून ती दोघांचा डबा करायची. आधी त्यांचं वेगळं, आपलं वेगळं असं करायची. मग दोन स्वयंपाक झेपेनात, म्हणून त्यांचंच आपणही खायला लागली. उकडलेल्या भाज्या, बिनसायीचं दूध, मोजून घेतलेली कडधान्यं. वजनकाटा ओट्यावर कायमचा मुक्कामाला आला. चार जिने उतरायचे, बस पकडायची, स्टुडिओत आठ तास हात वर धरायचा, परत बस, चार जिने चढायचे, त्यांची जखम धुवायची, बोटाला सुई टोचून साखर बघायची. आकडा वहीत लिहून ठेवायची. तो हलतच नव्हता. पहिला आठवडा तसाच, दुसरा तसाच, तिसऱ्या आठवड्यात तर उलट वर.

तिने यंत्राची बॅटरी बदलली. दूधवाला बदलला. औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या खऱ्या आहेत ना, असं विचारून दुकानदाराचा अपमान करून आली. स्टुडिओत आहारवाल्या बाई असतात. साहेबांच्या प्रत्येक वाक्यावर मंजुरीचा शिक्का मारणं हे त्यांचं काम. एकदा त्यांनी "पोटात कावळे ओरडतात" हे वाक्य खोडून "शरीराला ऊर्जेची गरज भासते" असं लिहून दिलं होतं, यावरून त्या कशा आहेत ते समजा. हिने त्यांनाही गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "उजवीताई, बाहेरचं काही खात नाहीत ना ते?"

"खातील कधी? चोवीस तास माझ्याजवळ असतात. काम करतानाही मी त्यांच्या पाठीला असते."

मास्तरांची साखर उतरेना आणि इकडे हिचंच अंग उतरलं. स्वतःच शिवलेल्या ब्लाउजच्या बाह्या तिला आत घ्याव्या लागल्या. मुलगी दुसऱ्या शहरातून रविवारी फोन करायची, "आई, तुझा आवाज असा का येतोय?" ती म्हणायची, "लाइन खराब असेल गं."

पाचव्या आठवड्यात साखरेवरच्या खटल्याचा भाग आला. विडंबन कोर्टाचं होतं. पांढरीशुभ्र साखरबाई आरोपीच्या पिंजऱ्यात, मधाळ आवाजात आर्जवं करते. दात साक्षीदार म्हणून येतो आणि उभ्या उभ्या हलतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत भोपळेसाहेब, डोक्यावर कापसाचा टोप. सकाळपासून दिवे तापलेले. टेक चालू असताना पंखे बंद ठेवतात, त्यामुळे मंचाखाली अंगाची लाही होत होती. निकालाची वेळ आली. कॅमेरा साहेबांच्या चेहऱ्यावर अगदी जवळ नेला. उजव्या हाताने हातोडी उचलली. साहेबांनी दीर्घ विराम घेऊन तोंड उघडलं, आणि खालच्या ओठावर एक मुंगी आली.

ती जरा थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि हनुवटीवरून उतरायला लागली. तिच्यामागे दुसरी. मग रांगच लागली. न्यायमूर्ती तोंड उघडून बसलेले आणि त्यातून मुंग्यांची मिरवणूक! सबंध स्टुडिओ खो खो हसत सुटला. कॅमेरावाल्याचं हसून हसून चित्र हलायला लागलं.

मंचाखाली तिला काही कळेना. एवढे का हसताहेत? मग तिच्या गालाला काहीतरी चावलं. तिने डाव्या हाताने चाचपलं. मास्तरांच्या उजव्या दंडावरून, काखेवरून, पाठीवरून मुंग्या खाली येत होत्या आणि जिथे तिचा गाल टेकला होता तिथपर्यंत पोचल्या होत्या. आणि गालाखाली मास्तरांची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती.

तिला सगळं समजलं. साहेबांच्या डोक्यात ज्या एकाच माणसाचा हात जातो, त्यानेच तिथे काहीतरी ठेवलं होतं. दोन टेकच्या मध्ये डोकं मांडीवर घेऊन मास्तर "जरा याचा जबडा बघतो" म्हणून तोंड फिरवून बसायचे. तेवीस वर्षं तिने त्या जबड्याची काळजी खरी मानली होती.

"कट!" दिग्दर्शिका हसू आवरत म्हणाली, आणि मग तिचं हसू गेलं. भाग परत करावा लागणार होता. तिने सामानवाल्या काकांना बोलावलं. टेबलावरचं खरंखोटं जेवण मांडणं, बाहुल्या पेटीत ठेवणं, हे काकांचं काम. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस. "काका, पेटी उघडी ठेवता की काय रात्री? जॅम कुठे सांडता? इतक्या वर्षांनी हे सांगायचं का तुम्हाला?" सगळ्यांच्या देखत ती त्यांना बोलली. काका खाली बघत म्हणाले, "चुकलं, मॅडम."

मास्तर मंचाखालून बाहेर आले. दंड झटकला, शर्ट झटकला, आणि पाणी प्यायला गेले. ताकास तूर लागू दिली नाही. आणि तिनेही तोंड उघडलं नाही, हे सांगितलं पाहिजे. नवऱ्याची अब्रू म्हणा, सवय म्हणा. काका एकटे उभे राहिले.

संध्याकाळी चार जिने चढून घरात आल्यावर तिने डबे घासायलाही घेतले नाहीत. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काय होतं आत?"

मास्तरांनी छाती पुढे काढली. "गप्प बसा! हे न्यायालय..."

"तुमच्या आवाजात बोला."

मास्तर बसले. टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "टॉफ्या. दिव्यांनी वितळल्या असतील."

"कधीपासून?"

"आधी एखादी असायची. टाचणी लागल्यापासून जास्त." त्यांनी खांदा चोळला. "अगं, सकाळी नऊपासून हात वर असतो. दुपारनंतर खांद्यात जीव राहत नाही. तेव्हा एक तोंडात टाकली की बरं वाटतं. तेवढंच एक माझं होतं. बाकी ताट तू ठरवणार, वेळ डॉक्टर ठरवणार, आकडा यंत्र सांगणार. माझं म्हणून काय राहिलंय?"

"आणि पाय?" ती म्हणाली. "पाय कुणाचा आहे?"

मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. तिला ओरडायचं होतं. पाच आठवड्यांच्या पहाटा, तो वजनकाटा, दुकानदाराशी घातलेला वाद, सगळं त्यांच्या अंगावर फेकायचं होतं. पण ती इतकी दमली होती की राग धरून ठेवायलाही अंगात ताकद नव्हती. तिने उठून जखम धुवायचं पाणी गरम करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी काकांकडे गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं. काका पेटीत गाजराचं कुटुंब रचत होते. म्हणाले, "ठाऊक आहे मला. मंचाखाली झाडू कोण मारतं? कागद सापडायचे ना. वाटलं, तुम्हालाही माहीत असेल."

"मग काल बोलला का नाहीत?"

"मास्तरांचं नाव कसं घेणार, ताई?" काका म्हणाले. "माझं एक वर्ष राहिलंय. त्यांचं नाव गेलं तर कामही जाईल."

तिला काकांच्या समजूतदारपणाचाही राग आला. सगळेच तोंडाला कुलूप लावून बसले होते आणि तो पाय आतून सडत होता. मास्तरांनी काकांकडे जाऊन दोन शब्द बोलावेत असं तिला फार वाटलं. ते गेले नाहीत. माणूस वाईट नव्हता, लाजला होता. पण त्याच्या लाजेचा काकांना काय उपयोग!

मास्तरांनी टॉफ्या सोडल्या, पण वेळ गेली होती. सातव्या आठवड्यात दोन बोटं गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर ती मनाशी म्हणत होती की आता तरी धडा मिळाला असेल. झालं भलतंच. मास्तरांनी सगळ्यातूनच अंग काढून घेतलं. भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे आणायचे, ते उघडून सरळ खायला लागले; आता लपवायचीही गरज वाटेनाशी झाली. ती ताट आणायची, ते भिंतीकडे तोंड करायचे. "कशाला तडफडतेस?" ते म्हणायचे. "आता उभं राहता येत नाही. साहेब संपले. खाऊ दे ना माणसाला." घरी तपासायला आलेल्या डॉक्टरला सोडायला ती खाली उतरली तेव्हा त्याने सांगितलं, "बोटांवर निभावलंय. असंच चाललं तर पुढच्या वेळी पाऊल जाईल. आणि मग, बघा, मन असं मेलेलं माणूस फार दिवस काढत नाही."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. चार जिने चढायचे होते. त्या दिवशी ते चढायला तिला अर्धा तास लागला.

तिकडे स्टुडिओत साहेबांवाचून अडलं होतं. दिग्दर्शिकेने तीन जणांचे आवाज घेऊन पाहिले, आणि ऐकायला बोलावलेल्या पोरांनी तिन्ही वेळा ओरडून सांगितलं, "हे खोटे साहेब आहेत!" शेवटी ती घरी आली. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "उजवीताई, तुम्ही एकदा बोलून बघता का?"

"मी? मी हात आहे हो."

"एक वाक्य."

ती ओशाळली, पदर सारखा केला, आणि खाली बघत म्हणाली, "गप्प बसा सगळे. प्रश्न मी विचारणार." दिग्दर्शिका खुर्चीतून उठलीच. तोच घसा, तोच खरखरीतपणा, वाक्याच्या शेवटी तोच खोकल्यासारखा झटका. येणारच की! तेवीस वर्षं तो आवाज तिने कानांनी नाही, गालाने ऐकला होता, पाठीतून येताना.

आतल्या खोलीत खाट करकरली. मग मास्तर काठी टेकत दारात आले. चेहरा पडलेला होता. "डोकं तिला द्या," ते म्हणाले. "चाकांचं स्टूल मिळालं तर मी हात होतो. घरी बसून तरी काय करू?"

सुताराने मंच कापून बुटका केला. दोन स्टुलं आली. पुढच्यावर ती बसली, मागच्यावर मास्तर. त्यांचा गाल तिच्या पाठीला. दोन दिवस तालीम झाली. साहेबांच्या डोक्यात तिने पहिल्यांदा हात घातला तेव्हा आतलं कापड नवं होतं, काकांनी बदललेलं. तिने जबडा उघडला, मिटला. जड होता. मास्तरांच्या खांद्याचं काय होत असेल ते तिला त्या दिवशी कळलं, आणि तिला त्यांची कीवही आली. मास्तरांना मात्र मागून काहीच दिसेना. तालमीत चमचा गालावर, हनुवटीवर, एकदा थेट चष्म्यात. "तुला कसं जमायचं गं?" ते पुटपुटले. "इथे तर नुसता अंधार आहे."

"हो," ती म्हणाली. "असतो."

डबा तिने दोन्ही दिवस त्यांच्यापुढे ठेवला. दोन्ही दिवस तो तसाच परत आला.

तिसऱ्या दिवशी चित्रीकरण. विडंबन रडक्या मालिकेचं. वडील मुळोजीराव रुसून जेवत नाहीत, पालकबाई बेशुद्ध पडतात, वीज कडाडते, आणि शेजारचे भोपळेसाहेब समजूत घालायला येतात. टेबलाशी बसायचं, चमचा भरून उचलायचा, आणि खाण्याआधी मुळोजीरावांना म्हणायचं, "खा हो, खा! यात जीवनसत्त्वं आहेत, तंतू आहेत, खनिजं आहेत. सगळ्या कुटुंबाचं आरोग्य सांभाळा!" आहारवाल्या बाईंनी शिक्का मारलेलं वाक्य. बाई स्वतः कागद घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या.

पंखे बंद झाले. वीज कडाडली. पालकबाई पडल्या. साहेब आले, बसले. मास्तरांचा हात बाहीतून सरसावला, त्याने चमचा भरला, उचलला. तिच्यासमोर जमिनीवरच्या छोट्या टीव्हीत ते तिला दिसत होतं. मास्तरांचा हात साहेबांच्या तोंडाकडे घास घेऊन येत होता.

"खा हो, खा," ती साहेबांच्या आवाजात म्हणाली. "यात जीवनसत्त्वं..."

आणि पुढचं तिला म्हणवेना.

"जीवनसत्त्वं गेली खड्ड्यात," साहेब म्हणाले. आवाज तोच खरखरीत, पण हळू. "तू रोज थोडा थोडा संपतोयस आणि मी समोर बसून बघतोय. मी खूप दमलोय रे. तुझा राग येऊन दमलोय, तुझी काळजी करून दमलोय. तरी उद्या पहाटे उठून तुझं ताट वाढणार आहे. कारण तुझी खुर्ची रिकामी झाली तर मी कुणासमोर बसून जेवू? मला एकट्याला घास गिळता येत नाही. खा. माझ्यासाठी म्हणून खा."

चमचा तोंडापाशी येऊन थांबला होता. छोट्या टीव्हीत साहेब तोंड उघडं ठेवून बसले होते आणि चमचा हवेत तसाच. तिच्या पाठीवर मास्तरांचं कपाळ होतं. ते घट्ट टेकलं. ब्लाउज ओला व्हायला लागला तसं तिने डोळे मिटले, पण हात वर धरून ठेवला. टेक चालू होता.

कितीतरी वेळ कुणी "कट" म्हटलं नाही. मुळोजीराव खेळवणारा माणूसही मान खाली घालून बसून राहिला. शेवटी आहारवाल्या बाई घसा साफ करून म्हणाल्या, "हे... हे मंजूर मजकुरात नाहीये."

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. "छान होतं, ताई. पण परत घेऊ. लिहिलंय तसं घ्या."

"हो," ती म्हणाली. "चुकलं."

काकांनी ताटली पुसून भाजी पुन्हा मांडली. पंखे पुन्हा बंद झाले, वीज पुन्हा कडाडली, पालकबाई पुन्हा पडल्या. तिने जीवनसत्त्वं, तंतू, खनिजं, सगळं एका दमात बिनचूक म्हटलं. चमचा मात्र ताटातून उचलला तेव्हाच हलायला लागला, आणि तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मी भाजी साहेबांच्या कोटावर सांडली होती.

"मास्तर," दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "हात स्थिर ठेवा."

पुढच्या प्रत्येक टेकला तिचं वाक्य बरोबर आलं. मास्तरांच्या हाताची थरथर थांबेना म्हणून त्या एका घासाला आणखी सहा टेक लागले.